कडक म्हणजे नेमकं काय

८ जानेवारी, सोमवार

माझ्या पेशंटचा खांदा फार स्ट्रिक्ट आहे, असं मी आज इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत एका भल्या बाईंना ठणठणीत आवाजात सांगून आले. बाईंनी विचारलं, स्ट्रिक्ट म्हणजे कसा? मी म्हटलं, अजिबात ऐकत नाही तो. बाई हसल्या नाहीत. खाली मान घालून काहीतरी लिहिलं. तेव्हाच समजले, निकाल लागला.

'स्टिफनेस' हा शब्द मी नोकरीला लागल्यापासून केसपेपरवर लिहितेय. पण लिहिणारा हात वेगळा आणि बोलणारं तोंड वेगळं. तोंड आधी मराठीत 'कडक' म्हणतं, आणि कडक म्हटलं की डोळ्यांपुढे शाळेच्या हेडबाई उभ्या राहतात. त्या स्ट्रिक्ट होत्या. झालं, खांदा जाऊन त्यांच्या रांगेत बसला.

घरी दादाने विचारलं, "कशी गेली परीक्षा?"

"बरी."

वहिनी म्हणाली, "बरी म्हणजे पुन्हा द्यावी लागेल ना?" ती वाईट नाही. हॉलमधली आईची आणि माझी गादी सकाळी लवकर उचललेली असावी, एवढंच तिचं म्हणणं असतं.

मैत्रिणीने तिकडून पाठवलेला फोटो पुन्हा काढून बघितला. ती परदेशातल्या एका हॉस्पिटलात लागलीय, आमच्यासारखे फिजिओथेरपिस्ट त्यांना हवेच असतात, फक्त इंग्रजीची परीक्षा तेवढी पास व्हायची. फोटोत तिची खोली आहे. खाट, टेबल, खिडकी, खुंटीवर एकच टॉवेल. मला त्या देशाचं काही नाही. मला ती खोली हवी आहे. सदतीस वर्षांची झाले, आणि मी जिथे जिथे झोपले तिथून रोज सकाळी कुणी ना कुणी चालत गेलंय.

२३ जानेवारी, मंगळवार

लेखी पास. तोंडी नापास. एप्रिलमध्ये पुन्हा.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

डिपार्टमेंटच्या मॅडमनी बोलावून घेतलं. "घरी जाऊन करायची केस आहे. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. स्ट्रोक. चालतात, बोलणं शाबूत आहे, जरा जास्तच शाबूत आहे. डावा हात अडकलाय आणि माणूस डावखुरा. आपले दोघं जाऊन पळून आलेत. तू चिवट आहेस, तू जा."

संध्याकाळी गेले. दार सरांच्या मोठ्या बहिणीने उघडलं. हाताला पीठ लागलेलं, चष्मा कपाळावर. मला खालून वर बघून म्हणाल्या, "मला ताई म्हण, सगळे तेच म्हणतात. आणि आत तो आहे. त्याला कॉलेजात मुलं काय म्हणायची ठाऊक आहे? कर्फ्यू. वर्गात शिरला की रस्ता मोकळा. घाबरू नको, चावत नाही."

सर खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसले होते. पन्नाशीचे असतील. लग्न केलेलं नाही, असं ताईंनी न विचारता सांगितलं. डाव्या हाताची मूठ अशी वळलेली, जणू आत काही धरून ठेवलंय. मी मूठ उघडायला घेतली. घाईने ओढली की ती आणखी आवळते. आधी मनगट हळूच खाली वाकवायचं, मग बोटं आपोआप सैल पडतात, मग अंगठा बाहेर काढायचा. हे करताना पेशंटशी बोलत राहायचं असतं. आता इंग्रजीच्या प्राध्यापकांशी काय बोलावं? म्हटलं, सराव तरी होईल. मी म्हणाले, "सर, युअर फिंगर्स आर व्हेरी..." आणि पुन्हा तेच. स्ट्रिक्ट.

सर आधी माझ्याकडे बघत राहिले, आणि मग जे हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं. ताई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आल्या. "काय झालं? काय झालं त्याला?" सर म्हणाले, "काही नाही ताई. माझी बोटं फार शिस्तीची आहेत, असं डॉक्टर म्हणतायत."

मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही, सर. आणि मी परीक्षेतही हेच बोलले, म्हणून नापास झाले."

त्यांचं हसू गेलं. म्हणाले, "परीक्षा पुन्हा कधी?"

ताई जिना उतरेपर्यंत माझ्याबरोबर आल्या. म्हणाल्या, आजारपणानंतर पहिल्यांदा हसला. मी म्हटलं, चेहऱ्याच्या स्नायूंना चांगलं असतं ते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

ठरलेलं असं: मी एक व्यायाम सांगायचा, त्यांनी एक शब्द. तो वाक्यात बरोबर बसला की ते व्यायाम करणार, नाही बसला तर हात तसाच मांडीवर. पेशंटने फिजिओथेरपिस्टला ओलीस धरल्याची ही पहिलीच केस असावी.

आज स्टिफ आणि रिजिड. सर म्हणाले, "नवा बूट स्टिफ असतो. वापरला, वेळ दिला, की पायाचा होतो. लोखंडी पट्टी रिजिड. ती तुमची होत नाही, फार जोर केलात तर मोडते."

"मग तुमचा हात कुठला?"

"ते तुम्ही सांगायचं. तुमचा विषय आहे."

मी मनगट वाकवून बघितलं. म्हटलं, "स्टिफ, सर. नक्की स्टिफ."

"खात्री?"

"हो. रिजिड असता तर मी आलेच नसते."

नंतर त्यांनी टेबलावर टॉवेल ठेवून हात पुढे सरकवण्याचा व्यायाम न सांगता केला, आणि चांगला केला.

६ मार्च, बुधवार

स्टर्न म्हणजे चेहऱ्यावरचा, आवाजातला कडकपणा. सरांनी करून दाखवला. भुवया खाली, ओठ मिटलेले. मी घाबरण्याऐवजी हसले. ते म्हणाले, "एकेकाळी ह्या चेहऱ्याला साठ मुलं गप्प बसायची." मी म्हटलं, "त्यांनी तुम्हाला टॉवेल सरकवताना पाहिलेलं नव्हतं."

मग ताई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लहानपणी आरशासमोर उभा राहून हाच चेहरा करायचा. वडील गेल्यावर घरात कुणीतरी कडक हवं म्हणून. बारा वर्षांचं पोर. मला तर रडूच यायचं." सर म्हणाले, "ताई, साखर कमी आहे." साखर बरोबर होती.

२१ मार्च, गुरुवार

ताईंकडून कळलं की मी नसताना सर एकही व्यायाम करत नाहीत. मी रागावले. म्हटलं, "असं केलं तर मला वर्षभर यावं लागेल!" ते खिडकीबाहेर बघत "हं" म्हणाले.

ताई असंही म्हणाल्या की सकाळी दाढी झालेली असली तरी मी यायच्या आधी ते पुन्हा करतात, तीही उजव्या हाताने, गालावर चिरा पाडून घेत. स्ट्रोकनंतर पेशंट स्वतःच्या टापटिपीकडे लक्ष देऊ लागला की ते सुधारणेचं लक्षण मानतात. केसपेपरवर नोंद केली.

घरी वहिनी म्हणाली, "हल्ली ड्रेसला इस्त्री फार कडक असते तुमच्या." मी म्हटलं, इस्त्रीला क्रिस्प म्हणतात. पेशंट बारकाईने बघणारे आहेत, अघळपघळ जाऊन चालत नाही. आई जेवता जेवता म्हणाली, "सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. सरांना भाजी कशी आवडते तेही सांगून टाक एकदा." मी सांगितली. मीठ कमी लागतं त्यांना, प्रेशर आहे. तर दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. ह्या घरात शास्त्रीय बोलायची सोय नाही.

२८ मार्च, गुरुवार

आज मूठ जवळजवळ पूर्ण उघडली. मी तळहात टेबलावर सपाट ठेवला आणि वरून माझा हात दाबून धरला, तळव्यावर वजन यावं म्हणून. सर म्हणाले, "आता वाक्य. तुमचा हात कसा आहे, सांगा."

"स्ट्राँग?"

"नाही."

"हार्ड?"

"अजिबात नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "फर्म. घट्ट, पण दुखवत नाही. ज्याच्यावर भार टाकता येतो असा. गादीला म्हणतात, निर्णयाला म्हणतात. हातालाही."

मी वाक्य म्हटलं, माय हँड इज फर्म. ते "बरोबर" म्हणाले. वजन किती वेळ ठेवायचं असतं ते मला पाठ आहे, पण आज मोजायची विसरले. मग सरांनी पाणी मागितलं. औषधाची वेळ झाली असावी.

१२ एप्रिल, शुक्रवार

वाईट दिवस. परीक्षा तोंडावर, आणि मी 'सिव्हिअर टीचर' म्हणाले. सर एकदम तडकले. "सिव्हिअर दुखणं असतं, थंडी असते, शिक्षा असते! किती वेळा सांगू? तिकडे जाऊन हेच बोलणार आहात? जायचंच आहे ना? मग नीट शिका आणि जा!" त्यांनी हात ओढून घेतला, तो पुन्हा आवळला. इतक्या दिवसांचं काम वाया.

मी पिशवी उचलून निघाले. जिन्यात रडले, खालच्या मजल्यावरच्या बाई 'काय झालं' विचारू लागल्या, त्यांना डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगितलं.

घरी पोचते तर फोनवर सरांचा संदेश. एका हाताने लिहिलेला, चुका तशाच: 'हार्श. ज्याने समोरच्याला लागतं तो कडकपणा. आज मी हार्श होतो. वाक्यात उपयोग करून दाखवला, क्षमा असावी.'

ते इतके का चिडले, काही केल्या कळत नाही. एक शब्द तर चुकला.

१५ एप्रिल, सोमवार

परीक्षा झाली. ह्या वेळी एक वयस्क गृहस्थ होते. म्हणाले, तुम्हाला आदर वाटतो अशा एका व्यक्तीविषयी बोला. मी सुरुवात केली. ते स्ट्रिक्ट आहेत पण रिजिड नाहीत, चेहरा स्टर्न आहे पण हसले की खोली बदलते, एकदा हार्श वागले पण लगेच क्षमा मागितली, त्यांचा हात स्टिफ होता आता कमी आहे. माझी वेळ संपल्याची घंटी वाजली तरी मी बोलतच होते. गृहस्थांनी विचारलं, हे तुमचे कोण?

मी म्हटलं, ही इज माय पेशंट.

ते हसले. वाक्यात चूक असेल असं वाटत नाही. मनात पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

९ मे, गुरुवार

पास! दादाने मिठी मारली, वहिनीने आईची गादी घातली आणि माझीही. मैत्रिणीच्या हॉस्पिटलकडूनच बोलावणं येईल, ऑक्टोबरमध्ये रुजू व्हायचं. दोन वर्षांचा करार. आईचं दादाने बघायचं असं ठरलं, ती स्वतःच म्हणाली, "जा. माझं अर्धं आयुष्य त्या हॉलमध्ये गेलं, तुझं नको."

सर्वांत आधी सरांना सांगायचं होतं, म्हणून फोन न करता तिथेच गेले. ते उभे राहिले. "अभिनंदन. व्हेरी गुड." मग बसले. आवाज स्टिफ होता. हा शब्द आवाजालाही चालतो, हे मला कुणी शिकवलेलं नाही, आपोआप सुचलं. इतका आनंदाचा दिवस, आणि जिना उतरताना माझे पायच उचलेनात. दमले असेन.

२२ जून, शनिवार

आज सहज विचारलं, "सर, मी नाही गेले तर?"

"कारण?"

कारण सांगता येईना. मराठीतही येईना. मी म्हटलं, "असंच. थंडी फार असते म्हणतात."

"स्वेटर मिळतात."

"आणि तुमचा हात?"

"माझा हात हे कारण होऊ शकत नाही. तुम्हाला दार बंद करता येईल अशी खोली हवी होती. तुम्हीच सांगितलंत. कुणाच्या हातासाठी माणसाने खोली सोडायची नसते." स्टर्न चेहरा केलेला होता, पण भुवया थरथरत होत्या. डाव्या बाजूची की दोन्ही, ते लक्षात आलं नाही.

२६ जून, बुधवार

मॅडमनी सांगितलं की सरांनी फोन करून दुसरा फिजिओथेरपिस्ट मागितलाय. कारण दिलं नाही. उद्यापासून नवा मुलगा जाणार.

माझ्या कामात खोट काढायला जागा नव्हती. मूठ उघडत होती. पेन धरायला लागले होते. मग का?

२ जुलै, मंगळवार

दुपारी हॉस्पिटलात ताई आल्या. बाकावर बसल्या, पदराने वारा घेत राहिल्या. मी म्हटलं, "सरांना काही झालं का?"

"झालंय. फेब्रुवारीपासून झालंय." माझा हात धरून बाजूला बसवलं. "हे बघ, मी स्पष्ट बोलते. नवा पोरगा येतो, हा हात पुढे करतो, गाढवासारखा व्यायाम करतो, एक शब्द बोलत नाही. जेवत नाही. काल मला म्हणतो, ताई, मी तिला थांब म्हणालो असतो तर ती थांबली असती, म्हणून मी तिला यायलाच नको म्हटलं. आता बोल. तू एवढी शिकलेली, तुला काहीच दिसलं नाही? की दिसलं आणि तूही त्याच्यासारखीच?"

ताई गेल्यावर पुढच्या पेशंटचा उजवा गुडघा सोडून डावा शेकत बसले. आजोबा बिचारे भिडेखातर काही बोलले नाहीत.

आता ह्या वहीची मागची पानं वाचते आहे, आणि माझ्याच कानशिलांतून वाफा निघतायत. पाणी मागितलं, औषधाची वेळ झाली असावी म्हणे. दमले असेन म्हणे.

३ जुलै, बुधवार

गेले. ताई दार उघडून "मी भाजी आणते" म्हणत तशाच बाहेर पडल्या, पिशवी न घेता.

सर म्हणाले, "तुम्ही का आलात?"

मी म्हटलं, "व्याकरण विचारायला. मला जायचं आहे. आणि मला रोज संध्याकाळी इथे यायचं आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात का?"

"असू शकतात," ते म्हणाले. "फार त्रास देतात. पण असू शकतात."

"तुम्हाला देतात?"

"माझं एकच वाक्य आहे, डॉक्टर. ते मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं तर तुमचं पहिलं वाक्य मोडेल. माझ्या हाताला अर्धं बळ, वय हे असं, आणि तुमचं आयुष्य आत्ता कुठे सुरू होतंय. मला तुमच्या पायातली बेडी व्हायचं नाही."

मला राग आला. म्हटलं, "मी विचारत नाहीये, सांगतेय. मी जाणार आहे. त्या खोलीचं दार आतून लावून बघणार आहे. करार संपला की काय करायचं ते तेव्हा मी ठरवीन. तुम्ही माझ्या वतीने ठरवू नका. हे रिजिड झालं, सर, स्ट्रिक्ट नाही."

ते हसले नाहीत. हात पुढे केला, डावा. स्वतःहून उघडला, पूर्ण नाही, पण उघडला. मी धरला. कुठलाही व्यायाम नव्हता.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या निघायचं. मधल्या महिन्यांत इथे फारसं लिहिलं नाही. रोज संध्याकाळी तिकडे जात होते, लिहिण्यासारखं तिथेच बोलून व्हायचं. म्हणजे विशेष काही बोलायचो असंही नाही. अहो-जाहो, व्यायाम, चहा. सरांनी एकदाही थांब म्हटलं नाही. मीही एकदाही विचारलं नाही.

आज निघताना ते खाली फाटकापर्यंत आले, कठडा डाव्या हाताने धरून. म्हणाले, "सावकाश जा." मी म्हटलं, "व्यायाम करत जा." दोघंही एकमेकांना कामाचंच सांगत होतो.

१० नोव्हेंबर, रविवार

खोली मिळाली. खाट, टेबल, खिडकी. दाराला आतून कडी. पहिले काही दिवस उगीचच लावत आणि काढत होते. सकाळी कुणी चालत जात नाही. इतकं कुणीच जात नाही की मी स्वतःच उठून खाटेपासून दारापर्यंत चालून येते.

काम बरं चाललंय. पेशंट म्हातारे आहेत, माझे उच्चार त्यांना कळत नाहीत आणि त्यांचे मला, पण सांध्यांचं भाषेवाचून अडत नाही. थंडीसाठी सरांनी दिलेला 'सिव्हिअर' हा शब्द मी रोज वापरते, आणि तो थंडीपेक्षा दुसऱ्याच कशाला तरी जास्त लागू पडतो.

आज सुट्टी. भात लावला होता, तेवढ्यात फोन वाजला. ताई. "थांब, देते." मग बराच वेळ नुसता श्वास. तिकडे संध्याकाळ असणार, मागे रस्त्यावरचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "सर, व्यायाम?"

"चालू आहेत. तो मुलगा फार ढिला आहे. मीच त्याला ओरडतो."

"हात?"

"पेन धरतो. अक्षर वाईट येतं."

मग त्यांनी घसा खाकरला, आणि म्हणाले, "जेवलीस का?"

जेवलात का, नाही. जेवलीस का.

भात उतू जात होता, मी बघत राहिले. शेवटी म्हटलं, "जेवते आता. तुम्ही?"

"मी नंतर." मागून ताईंचा आवाज आला, "अरे, पुढचं बोल ना! त्यासाठी लावायला सांगितलास ना फोन?" आणि सर म्हणाले, घाईघाईने, "उद्या बोलतो. उद्या संध्याकाळी." आणि ठेवला.

संध्याकाळी म्हणजे त्यांच्या की माझ्या, हे विचारायचं राहूनच गेलं. दोन्ही संध्याकाळी फोन जवळ ठेवीन.